हँगरमधला खून कोर्टात कसा उभा करावा

तुमच्या गोष्टीत विमान पडणार असेल, तर आधी ते सुखरूप खाली उतरवा. खून करायचाच आहे तर जमिनीवर करा.

अकरा वर्षं मी एका हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या-दुरुस्त करायच्या शेडच्या, टेक्निकल रेकॉर्ड्समध्ये काढली. विमानाला हात लावणारे वेगळे, मी त्यांनी लिहिलेले कागद लावणारा. जून-जुलै उजाडला की दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहिणारे ओळखीचे फोन करतात, "जरा विमानाचं तेवढं बघून दे." बघतो तर पहिल्या पानावर स्फोट, दुसऱ्यावर ब्लॅक बॉक्स आणि शेवटच्या पानावर वकील काळा कोट उडवत ओरडतो, "माय लॉर्ड, खुनी याच कोर्टात बसलाय!" मधल्या पानांत विमानाचा धंदाही नसतो आणि कोर्टही नसतं. खरं म्हणजे या दोन्ही जागांची खोड एकच आहे: लिहून ठेवल्याशिवाय दोघांनाही काही पटत नाही. गोष्ट तिथेच रचायची.

पहिली पायरी: मेला कोण आणि कसा

१ नोव्हेंबर १९५५ ला अमेरिकेतल्या डेन्व्हरहून उडालेलं युनायटेड एअरलाइन्सचं ६२९ क्रमांकाचं विमान हवेतच फुटलं. ४४ माणसं गेली. जॅक गिल्बर्ट ग्रॅहम नावाच्या तरुणाने विम्याच्या पैशांसाठी आईच्या सामानात बाँब ठेवला होता. पण विमान उडवून देणं हा तेव्हा तिथल्या केंद्रीय कायद्यात गुन्हाच नव्हता. मग सरकारी पक्षाने खटला उभा केला तो एकाच खुनाचा, त्याच्या आईच्या. १९५७ च्या जानेवारीत त्याला मृत्युदंड दिला गेला.

लेखकाने यातून उचलायचं ते हे: कोर्टाला एक नाव, एक प्रेत आणि एक आरोप लागतो. ४४ जण मारलेत तर वाचक शोकात बुडतो, कोडं सोडवत नाही. शिवाय घातपाताची तांत्रिक कृती लिहिण्याचा मोहही टळतो. तो टाळाच. ती माहिती गोष्टीला लागत नाही आणि लिहिणंही बरं नाही.

तर आपली उदाहरणाची गोष्ट अशी. लहान गावाबाहेरची वैमानिक-प्रशिक्षण संस्था. सकाळी सात वाजता झाडूवाल्याला हँगरमध्ये क्वालिटी मॅनेजर बाई पडलेल्या दिसतात, शेजारी सेस्ना १७२ हे छोटं प्रशिक्षणाचं विमान उभं. डोक्याला मार, प्रोपेलरच्या पात्यावर रक्त. पोलीस येतात आणि आपल्याकडे होतं तेच होतं: अकस्मात मृत्यूची नोंद.

इथे एक सुरेख पेच हाताशी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात विमान अपघाताची व्याख्या उड्डाणाच्या हेतूशी बांधलेली आहे. माणूस उड्डाणासाठी विमानात चढला तिथपासून सगळे उतरेपर्यंत जे घडलं, तेच त्या अर्थाने अपघात. रात्री तपासणीसाठी जमिनीवर इंजिन चालवताना कुणी पात्याला लागून मेलं, तर ते त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे विमान अपघात तपास ब्युरोचं पथक येणार नाही. सगळं पडतं स्थानिक पोलीस निरीक्षकावर, आणि त्याने हँगर आतून पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. रहस्यकथेला याहून चांगला तपास अधिकारी मिळायचा नाही.

दुसरी पायरी: जागा लहान निवडा

मोठ्या विमान कंपनीत दहा हजार माणसं, संशयितांची यादीच आवरत नाही. आपल्या राज्यात बारामती, धुळे, गोंदियाजवळचं बिरसी अशा ठिकाणी उड्डाणाचं शिक्षण चालतं. असं एखादं गाव मनात धरा आणि नाव काल्पनिक द्या. माणसं मोजकी हवीत: मालक, मुख्य प्रशिक्षक, सही करणारा इंजिनिअर, स्टोअरकीपर, दोन टेक्निशियन, रात्रीचा वॉचमन, आणि जमीन विकून फी भरलेल्या बापाचा एक विद्यार्थी.

इंजिनिअर म्हणजे कारखान्यातला इंजिनिअर नव्हे. हा परवानाधारक असतो, हँगरमध्ये त्याला एएमई (एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनिअर) म्हणतात. दुरुस्ती झाल्यावर त्याने सही केल्याशिवाय विमान उडत नाही. त्या सहीचं वजन वाचकाला लवकर जाणवू द्या, कारण आपला आरोपी तोच आहे.

या माणसांना मराठी साहित्यात फारसं कुणी विचारलं नाही याची मला जरा खंतच आहे. ११ एप्रिल १९५५ ला एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान इंडोनेशियातल्या बांडुंग परिषदेला निघालेलं चिनी शिष्टमंडळ घेऊन हाँगकाँगहून निघालं आणि घातपातामुळे समुद्रात पडलं. १९ पैकी १६ गेले. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार गेले. वाचलेल्या तिघांत विमानाचे देखभाल अभियंता अनंत कर्णिक होते. जटार आणि कर्णिक, दोघांनाही अशोकचक्र मालिकेतले सन्मान मिळाले. संशय गेला हाँगकाँग विमानतळावरच्या एका सफाई कामगारावर, पण तो तैवानला निसटला आणि खटला उभाच राहिला नाही. आरोपी नसलेली ती केस अजून कुणीतरी मराठीत नीट लिहायला हवी. आपल्याला मात्र पिंजऱ्यात माणूस हवाय.

तिसरी पायरी: कारण धंद्यातूनच काढा

प्रेमाचा त्रिकोण कुठेही चालतो, त्याला हँगर कशाला? विमानाच्या धंद्यात पैसा इतका अवघड जागी अडकलेला असतो की कारण शोधायला लांब जावं लागत नाही. १९९२ मध्ये सुरू झालेल्या ईस्ट-वेस्ट एअरलाइन्सचे व्यवस्थापकीय संचालक तकियुद्दीन वाहिद यांची १३ नोव्हेंबर १९९५ ला वांद्र्यात गोळ्या घालून हत्या झाली आणि कंपनीही फार काळ टिकली नाही. पण टोळीचा खून कोर्टकथेला मोठाच पडतो. त्यापेक्षा खोट्या कागदाचं कारण घ्या. २०११ मध्ये गोव्यात एक विमान पुढच्या चाकावर टेकवलं गेलं, त्याची चौकशी लागली, आणि त्यातून वैमानिकाच्या परवान्यासाठी खोट्या गुणपत्रिका दिल्याची प्रकरणं बाहेर आली. सुरुवात एका आपटलेल्या चाकापासून!

आपल्या गोष्टीत क्वालिटी मॅनेजर बाईंना सापडतं ते असं: उभ्या असलेल्या जुन्या विमानाचा सुटा भाग काढून चालू विमानाला लावलाय, आणि कागदावर मात्र तो नवा विकत घेतल्याचं बिल आहे. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावणं हा गुन्हा नाही. नीट नोंद केली तर तो रोजचा व्यवहार आहे आणि हँगरमध्ये त्याला सरळ 'रॉबरी' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कोर्टात कामाला येईल.

चौथी पायरी: आधी कागद लिहा, मग गोष्ट

पहिलं प्रकरण लिहायच्या आधी मुद्देमालाची फाइल तयार करा. खरंच तयार करा, वहीत. विमानाच्या टेक लॉगचं, म्हणजे उड्डाणं आणि दुरुस्त्या नोंदवायच्या वहीचं, एक पान. कामाचं टास्क कार्ड. हत्यारांचं रजिस्टर. स्टोअरमधून भाग दिल्याची पावती. गेटवरची वॉचमनची वही. अंगठ्याच्या हजेरीचा तक्ता. प्रत्येक कागद त्या त्या माणसाच्या सवयीने भरा: स्टोअरकीपरचं अक्षर गिचमिड, बाईंचं सुवाच्य, वॉचमन सगळ्या आकड्यांखाली रेघ ओढणारा.

हत्यारांची भिंत डोळ्यांपुढे आणा. चांगल्या हँगरमध्ये प्रत्येक पान्याची आकृती फळ्यावर रंगवलेली असते आणि पाना त्या आकृतीवरच टांगतात. काढताना त्याच्या जागी स्वतःच्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा. संध्याकाळी एक आकृती रिकामी दिसली तर विमान सुटत नाही, कारण हरवलेला पाना इंजिनातही राहिलेला असू शकतो. म्हणजे पान्याने खून करणाऱ्याला तो नदीत टाकता येत नाही. पुसून, परत जागेवर टांगावाच लागतो. पोलीस तिसऱ्या दिवशी पान्यापर्यंत पोहोचेतो त्याच पान्याने दोघांनी काम केलेलं असतं.

आता पंचनामा लिहा. पोलिसांच्या पंचनाम्यात ते असं येईल: "एक लोखंडी पाना, लांबी अंदाजे दीड फूट, जु. वा." (म्हणजे जुना वापरता). हँगरच्या रजिस्टरात त्याच पान्याला नंबर आहे, कॅलिब्रेशनची, म्हणजे माप अचूक असल्याच्या तपासणीची, तारीख आहे. हे दोन एकच, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. या फटीत बचावाचा वकील पाय घालतो.

पाचवी पायरी: घड्याळ

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण विमानाच्या धंद्यातला सगळ्यात गोड सुगावा हा आहे आणि तो फुकट मिळतो.

विमानजगताचं घड्याळ आपल्या वेळेवर चालत नाही. जगभर नोंदी जागतिक प्रमाणवेळेत होतात, यूटीसी म्हणतात तिला. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. हजेरीचं यंत्र, गेटची वही आणि पोलीस ठाण्याची डायरी भारतीय वेळेत. सीसीटीव्ही कुणी लावलं असेल त्याच्या मर्जीने.

आपल्या टेक लॉगच्या पानावर शेवटची नोंद आहे: "दिनांक १४, वेळ २०:१०, जमिनीवर इंजिन चालवून पाहिले, समाधानकारक." खाली एएमईची सही. तपास अधिकारी खूश. बाई संध्याकाळी साडेसातला शेवटच्या दिसल्या, आठ वाजून दहा मिनिटांनी हा हँगरमध्ये, बाहेर इंजिनाचा आवाज, आत खून. अटक.

बचावाचा वकील त्याच पानाची वरची ओळ वाचायला सांगतो. "दिनांक १४, वेळ ०९:०५, विमान उतरले." त्या दिवशी विद्यार्थी दुपारी दोन पस्तीसला उतरला, हे त्याच्या लॉगबुकात आहे आणि रेडिओवर त्याच्याशी बोलणारा प्रशिक्षकही सांगतो. म्हणजे वही यूटीसीची. मग २०:१० म्हणजे रात्रीचे एक चाळीस, आणि तारीख १५. रात्री पावणेदोनला इंजिन चालवलं तर अर्धं गाव उठून बसेल. वॉचमन तर काही ऐकलं नाही म्हणतो.

संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी खरंच इंजिन चालवलं असतं, तर हाडाच्या इंजिनिअरने १४:४० लिहिलं असतं. वीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप लिहितो. २०:१० लिहिणारा माणूस मनगटावरचं घड्याळ बघून लिहीत होता. त्याला वहीचा नमुना माहीत आहे, सही गिरवता येते, पण वहीत राहणाऱ्यांतला तो नाही. संशयितांच्या यादीवरून एकदा नजर फिरवा. अशी माणसं दोनच उरतात.

खऱ्या प्रकरणांतही मिनिटांनीच घात केलाय. कॅनडातल्या क्युबेकमध्ये १९४९ मध्ये आल्बेर ग्वे याने बायकोला मारण्यासाठी विमानात टाइमबाँब पाठवला. उड्डाणाला पाच मिनिटं उशीर झाला आणि अवशेष सेंट लॉरेन्स नदीत पडायचे ते किनाऱ्याकडच्या जमिनीवर पडले. पुरावा हाती लागला. तिघं फासावर गेले.

सहावी पायरी: ठाण्यापासून कोर्टापर्यंत

आधी घटनेची तारीख ठरवा, कारण कायदा तिच्यावर अवलंबून आहे. १ जुलै २०२४ च्या आधीचा खून असेल तर भारतीय दंड संहितेचं कलम ३०२. नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. वकील आणि पोलीस बोलताना अजूनही "तीनशे दोन" म्हणतात, संवादात तसंच ठेवा.

दोषारोपपत्र ९० दिवसांत आलं नाही तर आरोपी जामिनाचा हक्क मागू शकतो. नंतर मॅजिस्ट्रेट खटला सत्र न्यायालयाकडे पाठवतात, आरोप निश्चित होतात, आणि साक्षी सुरू. ज्युरी आणू नका. नानावटी खटल्यात ती होती, १९५९ मध्ये. आता निकाल न्यायाधीश एकटे देतात. जिल्हा कोर्टात "माय लॉर्ड"ही नको, "युवर ऑनर" किंवा नुसतं "साहेब" पुरतं.

हजेरीचा तक्ता किंवा सीसीटीव्ही दाखवायचं असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे हा इलेक्ट्रॉनिक पुरावा कुठल्या यंत्रातून कसा काढला याचं, प्रमाणपत्र सोबत लागतं. जुन्या कायद्यात हेच ६५-ब होतं, आणि ते टाळता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं ते जालन्याच्या एका निवडणूक वादात. प्रमाणपत्राविना दाखवलेलं फुटेज म्हणजे तुमच्या गोष्टीतलं भोक.

पुरावा सरकारी यंत्रणेच्याच हातून गळू द्या. खोटं वाटणार नाही. एअर इंडियाचं कनिष्क विमान २३ जून १९८५ ला पाडलं गेलं, ३२९ माणसं गेली. संशयितांच्या फोनवर कॅनडाच्या गुप्तचर खात्याने पाळत ठेवली होती आणि त्यातल्या बऱ्याच टेप खात्यानेच पुसल्या. २००५ मध्ये व्हँकुव्हरच्या न्यायाधीशांनी दोन आरोपींना निर्दोष सोडलं. मुख्य साक्षीदारांवर त्यांचा विश्वास बसला नाही.

सातवी पायरी: उलटतपासणी

जिल्हा कोर्टात साक्ष मराठीत नोंदवली जाते आणि हँगरचा प्रत्येक कागद इंग्रजीत असतो. या रस्सीखेचीतच विनोदही आहे आणि ताणही. स्टोअरकीपर साक्षीला उभा राहतो आणि सहज म्हणून जातो, "त्या विमानाची रॉबरी मीच केली." टायपिस्टचा हात थांबतो. न्यायाधीश चष्म्यावरून बघतात. सरकारी वकील उठतात. पुढची दहा मिनिटं 'रॉबरी' म्हणजे जबरी चोरी नव्हे, हे नोंदवण्यात जातात, आणि त्या गडबडीत साक्षीदार घाबरून एक वाक्य जास्तीचं बोलतो: भाग काढायला सांगितलं कुणी, ते.

नियम थोडे पाळा. सरतपासणीत आपल्याच साक्षीदाराला उत्तर सुचवणारे प्रश्न विचारता येत नाहीत, उलटतपासणीत येतात. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा होत नाही. पंच फितूर होतात. आणि साक्षीची नोंद नाटकासारखी होत नाही. न्यायाधीश प्रश्नोत्तरांचं सार सांगतात आणि टायपिस्ट लिहितो:

"हे म्हणणे खरे आहे की, टेक लॉगमधील वेळा भारतीय प्रमाणवेळेत नसतात. हे म्हणणे खरे आहे की, तपास करताना मला ही बाब माहीत नव्हती. हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे."

तपास अधिकाऱ्याची ही तीन वाक्यं लिहा, अशीच कोरडी. कोट उडवण्याची गरज पडत नाही.

जिल्हा कोर्टात एक दुपार बसून या. खुनाचे खटले सहसा उघड चालतात, मागच्या बाकावर कुणी उठवत नाही. पुकारा करणारा शिपाई नावं कशी चुकवतो, आरोपीची आई डबा कुठे ठेवते, तारीख पडल्यावर दोन्ही वकील एकाच टपरीवर चहा कसा पितात, हे पाहून या. मी तीन दुपारी बसलो. एक साक्ष ऐकायला मिळाली, बाकी दोन्ही दिवस तारीख.

आठवी पायरी: खुनी बाहेर कसा काढायचा

बचावाच्या वकिलाचं काम खुनी शोधणं नाही. त्याला एवढंच दाखवायचंय की साखळीत एक कडी कच्ची आहे. परिस्थितिजन्य पुराव्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये शरद सारडा खटल्यात घालून दिली. पुण्यातल्या विवाहितेच्या मृत्यूचा तो खटला. त्यातल्या पाच तत्त्वांना वकील 'पंचशील' म्हणतात. थोडक्यात, पुराव्यातून आरोपी दोषी असण्याशिवाय दुसरा कुठलाही अर्थ निघता कामा नये. आपल्या २०:१० मधून निघतो.

पण वाचकाला खुनी हवा असतो, आणि त्याची सोय कायद्यातच आहे. साक्षीपुराव्यातून दुसऱ्या कुणाचा गुन्हा दिसला, तर न्यायालय त्यालाही आरोपी म्हणून बोलावू शकतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३१९, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५८. न्यायाधीश स्वतःहून कुठलाही प्रश्न विचारू शकतात. हे दोन अधिकार एकत्र आणा.

शेवटचा प्रसंग मी असा लिहीन. मालक साक्ष देऊन पिंजऱ्यातून उतरायला लागलेत. न्यायाधीश म्हणतात, "थांबा जरा. शिपाई, त्यांना कोरा कागद द्या. आत्ता किती वाजले ते टेक लॉगमध्ये लिहितात तसं लिहा." कोर्टाच्या भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झालेली असतात. मालक पेन घेतात, घड्याळाकडे बघतात आणि लिहितात, १५:२०. आरोपीच्या पिंजऱ्यातला एएमई मान खाली घालून स्वतःशीच पुटपुटतो, "नऊ पन्नास."